मूळ की टोक

टोपवाल्या बाईंच्या घरात चौदा डोकी होती आणि त्यातलं एकही दुखत नव्हतं. तेरा लाकडाची, फळीवर ओळीनं मांडलेली, आणि चौदावं बाईंचं स्वतःचं. नवऱ्याचं धरलं तर पंधरा व्हायची, पण ते बाई धरत नसत.

दुखत होती ती मान. मानेच्या बुडाशी सुरू व्हायचं, मग पाठीत खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधे कुणी अंगठा रोवून बसावं तशी कळ यायची, आणि तिथून झिणझिण करत ती उजव्या हातातून बोटांत उतरायची. बोटांपर्यंत आलं तेव्हा मात्र बाई घाबरल्या. मान काय, सगळ्यांचीच दुखते. बोटं त्यांची एकटीची होती.

बाई नाटकवाल्यांसाठी केसांचे टोप करायच्या. लाकडी डोक्यावर बारीक जाळी ताणायची आणि आकड्यानं एकेक केस त्या जाळीला गाठ मारून बसवायचा. एका टोपाला तीस हजार गाठी. त्यात पुन्हा केसाला दिशा असते. एक बाजू मुळाची, एक टोकाची. सगळे केस एकाच दिशेनं बसले तर टोप रेशमासारखा पडतो, उलटसुलट बसले तर एकमेकांत अडकून त्याचं घरटं होतं. डोळ्यांना ती दिशा दिसत नाही. केस अंगठा आणि पहिल्या बोटात धरून हलकेच चोळायचा. तो मुंगीसारखा सरकतो, आणि सरकतो तो नेहमी मुळाच्या बाजूला. हे ज्याच्या बोटांना कळतं तो टोप करतो. ज्याला कळत नाही तो टोप घालतो.

आणि गेले दोन महिने बाईंच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला मुंगी कळत नव्हती. बोटं रबराची झाली होती.

त्याचा पहिला फटका बसला महाराजांना. महाराज म्हणजे चौदा वर्षं एकाच नाटकात म्हाताऱ्या राजाचं काम करणारा नट. त्यांना बायकोसुद्धा महाराज म्हणायची, अर्थात वेगळ्या सुरात. तर महाराजांचा नवा पांढरा टोप तिसऱ्या प्रयोगालाच गुंतला. शेवटच्या प्रवेशात राणीच्या मांडीवर डोकं ठेवून राजा मरतो. राजा मेला, पडदा पडला, महाराज उठले, तर राणीचा मोत्यांचा हार टोपात अडकून त्यांच्याबरोबर उठला, आणि हाराला राणी.

"बाई, मी मेलो की मला एकट्याला उठू देत जा," महाराज म्हणाले. बोलले हसत, पण टोप परत करून गेले.

बाई रात्रभर नाही तरी दुपारभर रडल्या आणि दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेल्या. बरोबर नवरा. हा नवरा त्याच नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. विंगेत बसून नटांना पुढचं वाक्य पुरवायचं, हे काम त्यानं इतकी वर्षं केलं होतं की घरीही कुणाचं वाक्य तो पुरं होऊ देत नसे. आणि त्याचा एकच धर्म होता. संहितेत आहे ते खरं. नट काय, विसरतात.

केसपेपरच्या खिडकीला काच, काचेला खाली वीतभर भोक, आणि भोकापलीकडे एक कारकून. बाईंच्या नणंदेनं मालिशचं तेल पाठवलं होतं, ते डॉक्टरांना दाखवावं म्हणून बाईंनी बरोबर आणलं होतं. पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली तसा त्या तेलाचा उग्र वास भोकातून आत गेला.

"काय आहे?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"अर्धी शिशी आहे," बाई ओशाळून म्हणाल्या.

"कधीपासून?"

"दोन महिने झाले." नणंदेनं तेल धाडलं त्याला तेवढेच झाले होते.

"उजवीकडे की डावीकडे?"

पिशवी कुठे सरकवायची एवढं विचारणारा कारकून बाईंनी पहिल्यांदाच पाहिला. माणूस सभ्य आहे, असं त्यांना वाटलं. "उजवीकडे," त्या म्हणाल्या आणि पिशवी उजवीकडे सरकवली.

आतले डॉक्टर भलतेच हसरे होते. त्यांनी कागद वाचला, हसले, आणि म्हणाले, "मायग्रेन."

"पण डॉक्टर, माझी मान..."

"दुखणारच. मायग्रेनमधे मानही दुखते."

"आणि पाठ..."

"मानेला लागूनच असते ती."

"आणि डोकं..." बाईंना म्हणायचं होतं, डोकं दुखतच नाही. पण मागे प्रॉम्प्टर होता. डोकं म्हटल्यावर थांबलेल्या माणसाला काय लागतं, ते त्याला विंगेतून कळलं. "ठणकतं," तो हळूच म्हणाला.

"ठणकतं ना," डॉक्टर म्हणाले आणि लिहून मोकळे झाले. गोळ्या दिल्या, एक वही दिली. वहीत रोज डोकं किती दुखलं ते लिहायचं. उजेड टाळायचा, वास टाळायचा, अंधाऱ्या खोलीत काम करायचं.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, माझं डोकं कधी ठणकलं?"

"तू अडखळलीस."

"मी अडखळले नव्हते, श्वास घेत होते."

"कागदावर मायग्रेन लिहिलंय ना? मग आहे. तुला कळलं नसेल."

घरी येऊन त्यानं कंपनीतला एक जुना काळा पडदा कामाच्या खोलीच्या खिडकीवर ठोकला. उजेड गेला. बाई एका एवढ्याशा दिव्यावर काम करू लागल्या आणि दिसेना म्हणून आणखी वाकू लागल्या. मान आधी टोपापासून हातभर असायची, ती वीतभरावर आली. गोळ्यांनी झोप यायची. एकदा डुलकी लागून लाकडी डोक्यावर त्यांचं कपाळ आपटलं, आणि त्या दिवशी वहीत लिहायला त्यांना पहिल्यांदा काहीतरी मिळालं. पण बाई प्रामाणिक होत्या. त्यांनी लिहिलं, "डोकं दुखलं, पण आपटल्यामुळे." बाकी सगळ्या पानांवर एकच ओळ. "डोकं दुखलं नाही. मान दुखली. बोटं बधिर."

महिन्यानं डॉक्टरांनी ती वही उलटली आणि खूश झाले. "बघा. महिन्यात एकदाच डोकं दुखलं. गोळी लागू पडली."

"डॉक्टर, आधीही दुखत नव्हतं."

"म्हणजे वेळेवर सुरू केली."

बाईंनी उजवा हात टेबलावर ठेवला. "डॉक्टर, या दोन बोटांना मला काही कळत नाही. माझं पोट या बोटांवर आहे. मला मायग्रेन नसेल असं जरा धरून चाललो तर?"

डॉक्टरांचं हसू किंचित कमी झालं. माणूस वाईट नव्हता. बाहेर सत्तर जण बसले होते, एवढंच. "मोठ्या डॉक्टरांकडे पाठवतो," ते म्हणाले. "मज्जातंतूंच्या आहेत. पण त्यांचा नंबर लागायला सात आठवडे." आणि चिठ्ठीवर लिहिलं, मायग्रेन, औषधांनी उत्तम गुण.

सात आठवडे बाईंनी कसे काढले ते तेरा लाकडी डोक्यांना माहीत. चहाचा कप दोनदा हातातून निसटला. शर्टाची बटणं लावता येईनात, म्हणून त्या नवऱ्याकडून लावून घेऊ लागल्या. तो रोज एक बटण चुकवायचा आणि बाई दिवसभर तिरक्या दिसायच्या. टोपाचं काम चारपट हळू चाललं होतं. प्रत्येक केस डाव्या हातानं तपासायचा आणि उजव्यानं बांधायचा. डाव्याला निम्मंच कळायचं.

नंबराचा दिवस उजाडला, सकाळी साडेदहाचा. आणि त्याच संध्याकाळी महाराजांचा प्रयोग, दुरुस्त केलेल्या टोपासह. कपाळावरची शेवटची ओळ राहिली होती. बाई सकाळी सातलाच काळ्या पडद्याआड बसल्या. राजाचे केस पांढरे, बाईंचेही पांढरे. दिवा एवढासा. बाई इतक्या वाकल्या होत्या की त्यांच्या सुटलेल्या बटा जाळीवर लोळत होत्या.

दहाला नवरा दारात आला. "चल, उशीर होतोय."

"अहो."

"हं."

"मी उठत नाहीये."

"अगं, सात आठवड्यांनी नंबर लागलाय आणि आता तू..."

"उठत नाही म्हणजे मला उठता येत नाहीये."

त्यानं पडदा सारला. बाईंचं कपाळ लाकडी डोक्याच्या कपाळाला टेकलेलं, जणू दोघी एकमेकींना काही गुपित सांगताहेत. बाईंनी मान उचलायचा प्रयत्न केला तसं ते डोकंही थोडं उचललं गेलं. राजाच्या शेवटच्या ओळीत बाईंनी स्वतःचे केस गुंफले होते. गाठी पक्क्या, बिनचूक, एकीलाही ढिलाई नाही.

"किती बांधलेस?"

"मला काय माहीत? कळलं असतं तर बांधले असते का?" बाईंचा आवाज लाकडात शिरत होता.

"कात्री आणतो."

"खबरदार."

नवऱ्याच्या हातात कात्री द्यायची नाही हा त्या घरातला जुना कायदा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं मदत म्हणून एका ऋषीची दाढी सारखी करायला घेतली होती. दोन्ही बाजू जुळवता जुळवता ऋषीला शेवटी मिशीवर समाधान मानावं लागलं. आता जाळीला कात्री लागली तर संध्याकाळचा राजा टकला मरणार. बाईंनी स्वतः कापावं, तर बोटांना कात्रीची कडी कळत नव्हती. घड्याळात दहा वाजून सहा मिनिटं.

"स्क्रू काढा," बाई म्हणाल्या.

"कसला?"

"टेबलाचा. हे डोकं टेबलावरून सोडवा. असंच जाऊ."

डोकं काखेत नाही, छातीशी धरून, हनुवटी गळ्यात रुतवून बाई घराबाहेर पडल्या. टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिलं, जरा विचार केला, आणि "तिघं का?" एवढंच विचारलं. हॉस्पिटलच्या खिडकीतल्या कारकुनानं त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली.

"पेशंट कोण यातलं?"

"वरचं," नवरा म्हणाला.

मोठ्या डॉक्टर म्हणजे बुटक्याशा, बाह्या दुमडलेल्या एक बाई. त्यांनी फाईल उघडली नाही. त्या खुर्चीवरून उठल्या, टोपवाल्या बाईंच्या भोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि पुन्हा समोर येऊन उकिडव्या बसल्या, कारण बाईंचा चेहरा फक्त खालूनच दिसत होता.

"हे आज झालंय ते कळलं. पण अशा वाकून रोज बसता?"

"इतकी नाही. वीतभर कमी."

"किती वेळ?"

"आठ तास," बाई म्हणाल्या, आणि पाठोपाठ मागून कुजबुज आली, "दहा."

डॉक्टरीण बाईंनी मागे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"प्रॉम्प्टर."

"नवरा का नाही?"

"तोही."

"मग आता फक्त नवरा व्हा. गप्प बसा."

त्यांनी ड्रॉवरमधून बारीक कात्री काढली, आणि टोप आणि कपाळ यांच्या फटीत घालून एकेक केस कापला. सतरा कापले. बाईंनी हळूहळू मान वर केली आणि वर येता येताच मानेतून कळ निघाली. डॉक्टरीण बाईंनी मानेला हात लावला. मान मागे, एका बाजूला, वरून थोडा दाब. "आता हातात उतरली का?"

"थेट अंगठ्यात."

हातोडीनं कोपराशी टिचकी मारली. डावा हात उडाला, उजवा जागचा हलला नाही. बोटं दाबायला सांगितली. मग त्या म्हणाल्या, "डोळे मिटा. सुई टोचली की सांगा." बाईंनी डोळे मिटले. डाव्या हाताला चारदा टोचलं, चारदा बाईंनी सांगितलं. मग उजव्या अंगठ्यावर टोचलं. बाई गप्प. पहिल्या बोटावर टोचलं. बाई गप्प.

"सुरू करा ना," बाई म्हणाल्या. "आता उजवा राहिलाय."

नवरा समोरच बसला होता. सुई टोचताना त्यानं पाहिली होती. तीन महिने बायको बोटं बधिर म्हणत होती आणि तो कागदाकडे बघत होता. बोटाकडे त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. त्यानं उठून बाईंच्या शर्टाचं चुकलेलं बटण काढलं आणि नीट लावलं.

"डोकं दुखतं तुमचं?" डॉक्टरीण बाईंनी विचारलं.

"नाही."

"कधी दुखायचं?"

"एकदा. आपटलं होतं."

"मग मायग्रेन आलं कुठून?" त्यांनी आता फाईल उघडली आणि अगदी पहिल्या कागदापर्यंत मागे गेल्या. "हे बघा. तक्रार, अर्धशिशी. दोन महिने. उजवीकडे. पेशंटनं स्वतः सांगितलं."

"मी कशाला असं..." बाई म्हणाल्या, आणि थांबल्या. त्यांना खिडकी आठवली, भोक आठवलं, तेलाचा वास आठवला. काय आहे. कधीपासून. उजवीकडे की डावीकडे. "डॉक्टर, ते डोकं नव्हतं हो. तेलाची बाटली होती. अर्धी उरली होती."

डॉक्टरीण बाईंनी कागद टेबलावर पालथा ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून हसून घेतलं. वळल्या तेव्हा चेहरा सरळ होता. "हे बघा, मायग्रेनमधे मान दुखते हे खोटं नाही. ते डॉक्टर तेवढं खरं बोलले. पण बोटं बधिर झाली की मान तपासायची असते. तुमची पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी नस दाबली गेली असावी. मानेचा फोटो काढू, म्हणजे पक्कं कळेल."

"बोटं परत येतील?"

"बऱ्याच जणांची येतात. उशीर झालाय, पण फार नाही. सहा आठवडे व्यायाम, औषध, आणि काम डोळ्यांच्या उंचीवर. वाकायचं नाही. हात आणखी कमजोर व्हायला लागला तर त्याच दिवशी यायचं, नंबर लावायचा नाही. सहा आठवड्यांनी बोटात काहीच फरक नसेल, तर ऑपरेशनचा विचार करू."

"आणि खिडकीला पडदा लावलाय काळा," नवरा खालमानेनं म्हणाला.

"तो काढा. नाटकात कुणी मेलं तर त्याच्यावर घाला."

परत जाताना बाई खिडकीपाशी थांबल्या. "अहो, माझ्या कागदावरचं अर्धशिशी खोडा. ती शिशी होती."

"खोडता येत नाही," कारकून म्हणाला. "वाढवता येतं."

"मग मान वाढवा."

त्यानं लिहिलं, अर्धशिशी, मान. "आता तुम्हाला दोन्ही आहे," तो म्हणाला आणि पेन ठेवून स्वतःच्या मानेच्या बुडाशी हातानं चोळू लागला.

"तुमचीही दुखते?"

"फार. या भोकातून बोलायला दिवसभर वाकावं लागतं. दाखवलं इथेच."

"काय म्हणाले?"

"मायग्रेन."

बाईंनी पिशवीतून नणंदेची अर्धी शिशी काढली आणि भोकातून आत सरकवली.

त्या संध्याकाळी महाराज बाईंचे सतरा केस कपाळावर घेऊन मेले आणि एकटे उठले. फोटो आला, त्यात पाचव्या आणि सहाव्या मणक्यांनी नस धरून ठेवलेली स्पष्ट दिसत होती. नवऱ्यानं पडदा काढला. मग राजाचं सिंहासन ज्या चौथऱ्यावर ठेवतात तो कंपनीतून उचलून आणला, टेबल त्यावर चढवलं, आणि लाकडी डोकं बाईंच्या नजरेसमोर आलं. "इतकी वर्षं ही माझ्याकडे खालून बघत होती," बाई म्हणाल्या.

आणि रोज सकाळी व्यायाम झाला की परीक्षा. बाई डोळे मिटायच्या. नवरा पुडक्यातला एक केस काढून त्यांच्या उजव्या हातात द्यायचा आणि वरची बाजू कुठली ते विचारायचा.

"मूळ की टोक?"

बाई चोळायच्या, वाट बघायच्या. रबर. "मूळ," त्या अंदाजानं म्हणायच्या.

"बरोबर."

पहिल्या आठवड्यात बरोबर. दुसऱ्यात बरोबर. कधी मूळ म्हणायच्या, कधी टोक. रोज बरोबर. बाईंना बोटात काहीच कळत नव्हतं, तरी उत्तर बरोबर यायचं. आतून कुठेतरी जाग येत असेल, असं त्या स्वतःला समजावायच्या आणि मान हळू मागे न्यायचा तो कंटाळवाणा व्यायाम पुन्हा वीस वेळा करायच्या. ऑपरेशनचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

पाचव्या आठवड्यातल्या एका सकाळी त्यानं केस दिला. बाईंनी चोळला. आणि अंगठ्याच्या एका कडेला, अगदी नखाजवळ, मुंगी चालली.

बाई हलल्या नाहीत. पुन्हा चोळला. केस सरकला, सावकाश, करंगळीच्या दिशेनं. म्हणजे मूळ करंगळीकडे आणि वरचं टोक.

"मूळ की टोक?" नवऱ्यानं विचारलं.

बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले. "वरचं मूळ," त्या म्हणाल्या.

"बरोबर."

"बरोबर?"

"अगदी बरोबर. सुधारतंय बघ तुझं."

बाईंनी डोळे उघडले. "वरचं टोक आहे."

नवरा केसाकडे बघू लागला, जणू तो केस पुढचं वाक्य सांगेल.

"पाच आठवडे," बाई म्हणाल्या. "पाच आठवडे तुम्ही बरोबर बरोबर म्हणताय. तुम्हाला तरी कळतं का मूळ कुठलं नि टोक कुठलं?"

"नाही."

"मग कशावरून म्हणत होतात?"

"तू अडखळायचीस," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे रागानं पाहायचं ठरवलं, ते जमलं नाही. त्यांनी केस त्याच्या नाकासमोर धरला. "दुसरा द्या. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

त्यानं दुसरा दिला. बाईंनी डोळे मिटले आणि केस चोळला, आणि नवरा दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसला.